सुरळीची साखर

१

सुरळी मेली ती भर दुपारी, प्राण्यांच्या डॉक्टरांच्या टेबलावर, सलाईनची सुई शिरेत जायच्या आत. सुरळी म्हणजे फेरेट. मुंगसाला ओढून लांब करावं आणि त्याच्या डोक्यात चोवीस तास पुरतील एवढ्या उचापती भराव्यात, म्हणजे जे होईल ते. झोपली की स्वतःचीच गुंडाळी करायची, म्हणून हे नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर स्वतः बरणी घेऊन प्रयोगशाळेत आले. बरणीत फॉर्मलिन होतं आणि फॉर्मलिनमध्ये सुरळीच्या आतले तुकडे होते. ते ज्यांच्यासाठी आणले त्या बाईंना अख्ख्या इमारतीत काचबाई म्हणत. मेलेल्या जनावरांच्या पातळ कापा काचेवर घ्यायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली रोग शोधायचा, हे त्यांचं काम. माणसांपेक्षा काचांशी त्यांचं जास्त जमतं असं लोक म्हणायचे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

"साखर किती होती?" काचबाईंनी विचारलं.

"यंत्रानं आकडाच दाखवला नाही. नुसतं 'कमी'."

"मग स्वादुपिंडातली गाठ. फेरेटची साखर अशी तळाला गेली की पहिला संशय तिच्यावरच. गाठ नको तेवढं इन्सुलिन सोडते आणि साखर खाली येते. त्यात माझ्याकडे धावत येण्यासारखं काय आहे?"

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "त्या घरात एक वडीलधारे गृहस्थ आहेत, लेकीकडे राहतात. मधुमेह. रोज इन्सुलिन घेतात आणि ते टोचायला सिस्टर ठेवलीय. या सिस्टरचं आणि सुरळीचं हाडवैर. सुरळी तिचे रबरी हातमोजे पळवायची. परवा सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाली, हिला एक दिवस मीच टोचते बघा. आणि काल ही गेली."

"गमतीत म्हणाली असेल."

"तेव्हा सगळे हसले होते. आता कोणी हसत नाहीये. लेकीचं म्हणणं सरळ आहे. जी बाई जनावराला इन्सुलिन टोचते, ती उद्या माझ्या वडिलांना टोचेल. मी म्हटलं, काचेचा निकाल येऊ दे, तोवर कोणाला काही बोलू नका." डॉक्टर उठले. "प्लीहा बघा केवढी सुजलीय. मला तर वाटतं कॅन्सर तिथेच असेल. तसं निघालं तर फार बरं होईल."

एखाद्याला कॅन्सर निघाला तर बरं होईल असं म्हणायची वेळ या धंद्यात येते खरी. पण त्या दिवशी काचबाईंना ते वाक्य खटकलं.

२

काचा तयार व्हायला रात्र जाते. सकाळी काचबाईंनी आधी प्लीहा लावली. डॉक्टरांची आशा तिथेच मावळली. फेरेटची प्लीहा वाढत्या वयात फुगते, आणि आत बघावं तर रक्ताच्या पेशी तयार करायचा कारखाना जोरात चाललेला असतो. नवशिका त्याला हटकून कॅन्सर म्हणतो. काचबाई नवशिक्या नव्हत्या.

मग स्वादुपिंड. पाचकरस करणाऱ्या पेशींचे जांभळट-गुलाबी घोस सगळीकडे दाटीनं बसलेले, आणि त्यांच्यामध्ये इन्सुलिन करणाऱ्या पेशींची फिकट बेटं. गाठ असती तर एकसारख्या पेशींचे गठ्ठे, बारीक रक्तवाहिन्यांनी वेगळे केलेले, काचेवर ठसठशीत दिसले असते. तसं काही नव्हतं. काचबाईंनी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि तेवढ्यात फोन वाजला.

लेक होती. "मॅडम, गाठ आहे का?"

आता इथे काचबाईंनी म्हणायला हवं होतं की या तुकड्यात दिसत नाही, थांबा. पण डोळा अजून भिंगालाच होता. "गाठ नाही," त्या म्हणाल्या.

पलीकडून बांध फुटावा तसं बोलणं सुरू झालं. "मला माहीतच होतं. मी दुपारी जेवायला ऑफिसातून आले तर ती टोपलीत पडलेली, अंगात त्राण नाही, तोंडावर मुंग्या चढलेल्या. मुंग्या, मॅडम. म्हणजे किती वेळ पडून असेल बिचारी. आणि ही बाई बाबांच्या खोलीत पेपर वाचत बसली होती. मी विचारलं, हे काय? तर म्हणते, मला काही सांगायचं नाही. निरपराध माणूस असं बोलतो का?"

"तुमचे वडील काय म्हणतात?"

"बाबांना सांगितलंच नाहीये. सुरळी दवाखान्यात आहे म्हटलंय. त्यांचा जीव होता तिच्यावर. थांबा, यांना बोलायचंय."

फोन जावयाकडे गेला. जावईबुवा घरूनच काम करत. "मॅडम, आधीच कबूल करतो, मला ते जनावर आवडत नव्हतं. माझ्या हेडफोनची रबरं खाल्ली तिनं. संशयितांच्या यादीत मी असेन तर ठेवा, फक्त बायकोला सांगू नका. पण परवा दुपारी मी दार लावून मीटिंगमध्ये होतो."

"त्याआधी ती बरी होती?"

"म्हातारी झाली होती. महिनाभर मागचे पाय ओढत होती. मध्येच भिंतीकडे एकटक बघत बसायची, तोंडाशी पंजे घासायची. मग थोड्या वेळानं परत धिंगाणा. ढोंगी होती हो."

"हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"फेरेट भिंतीकडे बघतं म्हणून डॉक्टरांकडे कोण जातं?"

लेकीनं फोन परत घेतला. आवाज आता थंड होता. "उद्या संध्याकाळी एजन्सीच्या बाईंना बोलावते. तक्रार लिहून देते. पुन्हा कुठल्या घरात पाऊल टाकता येणार नाही तिला."

काचबाईंनी फोन ठेवला. महिनाभर चाललेलं दुखणं आणि एका दुपारचं इंजेक्शन, ही दोन्ही एका गोष्टीत बसत नव्हती.

३

जेवणाच्या सुट्टीनंतर सिस्टर स्वतःच प्रयोगशाळेत आली. चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"माझ्याबद्दल तुमच्या काचेत काय आहे ते विचारायला आले," ती म्हणाली.

"काचेत माणसं दिसत नाहीत. तुम्ही टोचलंत का?"

"नाही."

"मग तसं त्यांना का सांगत नाही?"

"सांगितलं. 'नाही' एवढं सांगितलं. त्यापुढे ते विचारतात, मग परवा दुपारी काय झालं ते सांग. ते मला सांगायचं नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

सिस्टरच्या चेहऱ्यावर भीती होती, पण पकडलं जाण्याची नव्हती. काचबाईंना ती कुठली भीती हे ओळखता येईना, आणि ओळखता येत नाही याचंच त्यांना जास्त वाटू लागलं.

"तुम्हाला कळतंय ना, उद्या काय होणार आहे ते? तुमचं काम जाईल. पुढची सगळीच कामं जातील."

"दोन मुलं शिकतायत माझी. न कळायला काय झालं?" सिस्टर दाराकडे वळली, आणि वळता वळता, जणू हवापाण्याचं विचारावं तसं तिनं विचारलं, "मॅडम, या जनावरांना गोड चालतं का हो?"

"का?"

"सहज," ती म्हणाली आणि गेली.

४

काचबाई परत भिंगाला डोळा लावून बसल्या. मन लागेना. आपल्या दोन शब्दांवर एक बाई आणि तिची दोन मुलं रस्त्यावर येणार, हा विचार काचेत येऊन बसला होता. मग त्यांनी काय नाही ते शोधणं सोडलं आणि काय आहे ते बघायला सुरुवात केली.

बेटं. ती फिकट बेटं फार थोडी होती. आणि होती तीही बारकी, आक्रसलेली. कोणी इन्सुलिन एकदाच टोचलं असतं तर बेटांना पत्ताही लागला नसता, ती आपली जशीच्या तशी राहिली असती. अशी रोडावायला त्यांना बरेच दिवस काम नसायला हवं. घरात एकजण एकटाच सगळं ओढायला लागला की बाकीचे हळूहळू हातावर हात ठेवून बसतात, तशी ही बसलेली. हा काही पुरावा नव्हता, आणि त्या स्वतः असल्या गोष्टीवर सही करणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण संशय होता. मग सगळं ओढणारा तो एकजण कुठे होता?

त्यांनी बरणी खाली घेतली.

स्वादुपिंडाला दोन फाटे असतात. डॉक्टरांनी वेगळा काढून दिलेला तुकडा एका फाट्याचा होता. दुसरा फाटा प्लीहेच्या कुशीत, चरबीत लपेटलेला असतो. आणि प्लीहेची काप घेताना काचबाईंनी काय केलं होतं? रोज करतात तेच. चरबीनं कापेच्या चिंध्या होतात म्हणून ती कातरून बरणीत परत टाकली होती. भाजी निवडताना देठ काढावेत इतक्या सवयीनं.

चिमट्यानं त्यांनी तो चरबीचा पिवळट चोथा बाहेर काढला. नजरेला काहीच वेगळं दिसेना. मग हातमोजा घातलेल्या दोन बोटांत धरून त्या तो हळूहळू चेपत गेल्या. मऊ, मऊ, मऊ. आणि मग मोहरीएवढं काहीतरी बोटाखालून सटकलं.

काचबाईंनी तेवढा तुकडा कापून लगेच काचेसाठी लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती काच भिंगाखाली गेली तेव्हा शंकेला जागा उरली नाही. स्वच्छ गोल कड, आत एकसारख्या लहानशा पेशींचे गठ्ठे आणि पट्टे, त्यांच्यामधून धाग्यासारख्या रक्तवाहिन्या. दिसायला इतकी शिस्तशीर गाठ की तिच्यावर वाईटपणाचा आळ घ्यायलाही जिवावर यावं. त्यांनी काच डबीत घातली, डबी पर्समध्ये टाकली आणि रिक्षा पकडली. एजन्सीच्या बाई संध्याकाळी येणार होत्या आणि दुपार कलायला लागली होती.

५

दिवाणखान्यात लेक सोफ्यावर होती, जावई खिडकीशी, आणि सिस्टर दाराजवळ उभी. तिला बसायला कोणी सांगितलं नव्हतं. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. सगळेजण कुजबुजत बोलत होते, बाबा झोपलेत म्हणून.

काचबाईंनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "चूक माझी आहे. गाठ होती. ती जिथे होती तो भाग मी चरबी म्हणून बाजूला टाकला होता. महिनाभर पाय ओढणं, एकटक बघणं, तोंडाशी पंजे घासणं, सगळं त्या गाठीमुळे. सुरळी आजारी होती."

लेकीनं डोळे पुसले. पण जावयानं मान हलवली. माणूस वाईट नव्हता, नुसता तर्कटी होता. "गाठ होती हे मान्य. पण म्हणून टोचलं नाही असं कुठे ठरतं? महिनाभर जगली की ती त्या गाठीबरोबर. नेमकी त्याच दुपारी का गेली? इंजेक्शन दिलं नाही, असं तुम्ही लिहून द्याल?"

काचबाईंना खोटं बोलता आलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. "नाही," त्या म्हणाल्या. "काच तेवढं सांगत नाही."

फोनवर आवाजात होतं तेच थंड काहीतरी आता लेकीच्या चेहऱ्यावर आलं. सिस्टर भिंतीकडे बघत राहिली.

"पण मुंग्या सांगतात," काचबाई म्हणाल्या.

"मुंग्या?"

"तुम्ही तिला उचललंत तेव्हा तोंडावर मुंग्या होत्या. तुम्हाला वाटलं, फार वेळ पडून होती म्हणून चढल्या. पण सुरळी तेव्हा जिवंत होती, डॉक्टरांच्या टेबलापर्यंत जिवंत होती. जिवंत जनावराचं बाकी अंग सोडून मुंग्या नेमक्या तोंडाशीच का जातील? मुंग्या गोडाला येतात." काचबाईंनी दम घेतला. "तिला कोणीतरी गोड चाटवलं होतं. अशी गाठ असताना नुसतं गोड देणं हे आगीत तेल. साखर वर जाते, तिला तरतरी येते, आणि गाठ चेकाळून इन्सुलिन ओतायला लागते. तासाभरात ती आधीपेक्षाही खाली जाते. इंजेक्शनची गरजच नाही. मध्येच परत धिंगाणा घालायची म्हणालात ना? ते ढोंग नव्हतं. ते गोड होतं. आणि ते रोज कोणीतरी देत होतं."

लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं दोन्ही हात वर केले. "मी तिला बिस्किटसुद्धा दिलं नसतं."

अर्धवट दारातून आतल्या पलंगाशेजारचं स्टूल दिसत होतं. स्टुलावर मधाची बाटली, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून ती पाण्याच्या बशीत ठेवलेली. बाबांची साखर अचानक उतरली तर लगेच हाताशी हवी म्हणून. काचबाईंनी ती पाहिली. त्यांनी पाहिलं हे सिस्टरनं पाहिलं.

"मी दिला मध," सिस्टर एकदम म्हणाली. "मीच द्यायचे रोज. मला माहीत नव्हतं असं होतं ते. लिहा तक्रारीत."

आणि आता काचबाईंना ती भीती ओळखता आली. ती स्वतःसाठी नव्हतीच.

६

"खोटं बोलतेय ती," आतून आवाज आला.

वॉकर टेकत टेकत बाबा दारात आले. हाडं आणि सदरा, एवढाच ऐवज, पण नजर लख्ख.

"बाबा, तुम्ही का उठलात? सुरळी दवाखान्यात—"

"सुरळी मेलीय. परवाच कळलं मला. घरातली माणसं एकदम हळू बोलायला लागली की कोणीतरी मेलेलं असतं. आमच्या वेळेपासून हेच आहे." ते दारालाच टेकून उभे राहिले. "या सिस्टरला सुरळी जवळसुद्धा येऊ द्यायची नाही, आणि ही तिला मध चाटवणार? मध मी दिला."

सिस्टरनं डोळे मिटून घेतले.

"माझी साखर उतरली की मी कसा होतो माहितेय ना? भिंतीकडे बघत बसतो, हातपाय लटपटतात. एक दिवस बघतो तर ही माझ्या पायाशी तशीच. डोळे भिंतीला खिळलेले, मागचं अंग गळलेलं. घरात एवढी माणसं, मला सोडून कोणाला ओळखू येणार ते? सिस्टर मला चमचाभर मध देते, मी उठून बसतो. मी बोटावर घेऊन हिला दिला. उठली, नाचली. मला वाटलं, आपल्याला अजून काहीतरी करता येतं." बाबा थांबले. "सिस्टरनं एकदा पाहिलं. रागावली. मी म्हटलं, लेकीला सांगितलंस तर जेवणार नाही."

"आणि त्या दिवशीही दिलात?" लेकीनं विचारलं.

"त्या दिवशी ती फारच मलूल होती, म्हणून जास्त दिला." त्यांनी काचबाईंकडे वळून पाहिलं. "खरं सांगा हं. मी आतून सगळं ऐकलंय, पण मला तोंडावर ऐकायचंय. मधानं मेली?"

सिस्टर मान हलवत होती, नको म्हणून. लेकही तेच सांगत होती, नुसत्या नजरेनं. पण दोन शब्दांत उरकून एकदा जे झालं होतं ते पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं.

"मरणार होती ती गाठीनं," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या. पण त्या दिवशी गेली ती मधानं. आणि तिला काय होतंय ते या घरात तुम्ही एकट्यानं बरोबर ओळखलं होतं. डॉक्टरांना सांगितलं असतंत तर औषध मिळालं असतं, अजून काही महिने मिळाले असते. एवढं सगळंच खरं आहे."

बाबांनी ऐकून घेतलं. ते वॉकरच्या दांड्यावरून अंगठा फिरवत राहिले. रडले नाहीत, पण चेहरा आत ओढल्यासारखा झाला.

"सिस्टरला खुर्ची दे आधी," ते लेकीला म्हणाले. "दोन दिवस उभी आहे ती."

जावयानंच खुर्ची पुढे केली. तेवढ्यात बेल वाजली. एजन्सीच्या बाई वेळेच्या पक्क्या होत्या. आल्या आल्या चष्मा लावून त्यांनी सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध लिहायची?"

"माझ्याविरुद्ध लिहा," बाबा म्हणाले. "म्हाताऱ्यानं चोरून मध चारला आणि निरपराध बाईला बोल लागू दिला. परवापासून मला माहीत होतं घरात काय चाललंय, तरी गप्प बसलो. भ्यायलो. सही मी करतो."

एजन्सीच्या बाई आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच गोंधळल्या. मग लेक उठली आणि त्यांना म्हणाली, "तक्रार नाहीये. आमचं चुकलं." सिस्टरकडे बघून तेच म्हणायला तिला जरा वेळ लागला, पण म्हणाली. जावईही काहीतरी पुटपुटला. त्यात 'माफ' हा शब्द होता एवढं कळलं.

सिस्टरनं डोळे पुसले, पर्स खांद्याला अडकवली आणि बाबांना धरून पलंगावर नेऊन बसवलं. पांघरूण सारखं केलं. मग ती बाहेर आली.

"उद्या नेहमीच्या वेळेला याल ना?" लेकीनं विचारलं.

"उद्या नाही," सिस्टर म्हणाली. "उद्या मला तुमच्या घराचा राग आहे. उद्याचं इंजेक्शन तुम्ही दोघांनी द्या. हात थरथरला नाही तर जमतं. परवाचं परवा बघू."

आणि ती जिना उतरून गेली. तिला थांब म्हणायला त्या घरात कोणाला तोंड नव्हतं.